दरवाजा कुठचा?

कुवेतच्या आमच्या मराठी मंडळाच्या ताज्या स्मरणिकेत चाचांवर दीड पान आहे. ते मी चार वेळा वाचले, आणि चौथ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन वाचले. लेखकाला मी ओळखतो. तो कुवेतला आला तेव्हा चाचा दुकान आवरून गावी परतण्याच्या बेतात होते; म्हणजे त्याने लिहिले आहे ते ऐकीव, आणि ऐकीव तेही जेवणाच्या पंगतीतले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे चाचा अर्धवट डोक्याचे होते. अम्गराच्या भंगारवाड्यातल्या त्या प्रकरणात एका हैदराबादी दुभाष्याने मुद्दाम खोटे भाषांतर केले. आणि मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदाने, म्हणजे मी, हिंदीवरील प्रभुत्वाच्या आणि धैर्याच्या बळावर एका मराठी कामगाराला दीर्घ तुरुंगवासातून सोडवले. या तिन्ही गोष्टी चूक आहेत. तिसरी माझ्या फायद्याची आहे म्हणून मी गप्प बसेन असा कुणाचा समज असेल, तर तोही चूक आहे.

चाचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. कुवेतला आले ते तेलाचा पैसा रस्त्यावर दिसू लागण्याच्या आधी, एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून. अरबी ते त्या व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात बसून शिकले. मी त्यांना पाहिले ते नव्वदच्या दशकात, इराकी फौजा जाऊन काही वर्षे लोटल्यावर. जहरा गावात, पोलीस ठाण्याच्या मागच्या गल्लीत, त्यांचे टंकलेखनाचे आणि भाषांतराचे दुकान होते. पोलीस ठाण्याला तिकडे मखफर म्हणतात, आणि मखफरमधून बाहेर पडलेला मनुष्य पहिल्यांदा जिथे टेकतो ते ठिकाण म्हणजे चाचांचे बाकडे.

त्यांना वेडे का म्हणत, ते आधी सांगतो, कारण सर्वच काही खोटे नव्हते. त्यांच्याकडे दोन चष्मे होते. एक अरबीसाठी, एक 'बाकीच्या सगळ्या भाषांसाठी'. उजवीकडून डावीकडे वाचायला डोळ्याला वेगळी सवय लागते, असे त्यांचे म्हणणे. मी एकदा दोन्ही चष्मे चष्मेवाल्याकडे नेऊन तपासून घेतले. नंबर एकच निघाला. मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "इंजिनेर साहेब, काचेचा नंबर एक हाय. माझा दोन हाय." मे महिन्यात दुकानात पंखा चाले, वातानुकूलन यंत्र भिंतीत असूनही बंद असे, कारण त्याच्या घरघरीत शेवटचा शब्द नीट ऐकू येत नाही. विशेषणांचे भाषांतर करायला ते नकार देत. "त्याने मला अत्यंत निर्दयपणे ढकलले," असे कुणी सांगितले की ते फक्त "ढकलले" टंकलिखित करीत आणि म्हणत, "निर्दय होता की नाय ते काजी बघेल."

पण त्यांचे खरे वेड म्हणजे एक प्रश्न. दारात कुणीही आला, रडत आला, धापा टाकत आला, तरी चाचा त्याला आधी विचारीत, "दरवाजा कुठचा?"

हा प्रश्न ज्यांना कळला नाही त्यांनी त्यांना वेडे ठरवले. मला तो कळायला दोन भेटी लागल्या. कुवेतमध्ये गुन्ह्याच्या प्रकरणाला दोन वाटा असतात. तीन वर्षांपर्यंतची कैद किंवा दंड होईल असा किरकोळ गुन्हा असेल, तर तपास गृहखात्याचा अधिकारी मखफरमध्येच करतो. त्या तपासाला तहकीक म्हणतात. त्याहून मोठी शिक्षा असलेला गुन्हा असेल, तर फाइल सरकारी अभियोक्त्यांकडे जाते. त्यांचे कार्यालय म्हणजे नियाबा. न्यायालयेही पुढे वेगळी. चाचा तहकीकला लहान दरवाजा म्हणत आणि नियाबाला मोठा. लहान दरवाजात बहुतेक भांडणे मार खाल्लेल्याने माफी लिहून दिली की मिटत. मोठ्या दरवाजात त्या माफीने शिक्षा फार तर हलकी होई. खटला सरकारचा असल्यामुळे तो सरकारच चालवी. लहान दरवाजावाल्याला चाचा चहा देत. मोठ्या दरवाजावाल्याला गार ताक देत, कारण त्यांच्या मते त्याच्या घशाखाली चहा उतरत नाही.

"आणि साहेब, दरवाजा माणूस काय करतो त्यावर उघडत नाय," ते मला म्हणाले होते. "तो काय बोलतो, आणि त्याचं बोलणं कोण लिहितो, त्यावर उघडतो. म्हणून मी कुणाला विचारत नाय की तू केलंस काय. ते अल्लाला ठाऊक. मी विचारतो, तू बोललास काय."

पहिल्या भेटीत मी स्वतः हा धडा घेतला. माझा वाहन परवाना हरवला होता. नवीन लवकर मिळावा म्हणून कचेरीतल्या कुणीतरी सल्ला दिला की चोरीला गेला असे लिहा. मी चाचांना तसे सांगितले. त्यांनी बाकीच्या भाषांचा चष्मा लावला.

"चोरला? कोणी?"

"ते मला काय ठाऊक?"

"मंगे चोर कसा ठाऊक? हरवला म्हणा, एक कागद लागेल. चोरला म्हणा, तहकीक उघडेल, तुमच्या खोलीतल्या तिघांना बोलावतील. तिघांत एखादा कागदपत्रांत कच्चा असेल तर तो परत आपल्या देशात. तुमचा एक शब्द, त्याचं विमान."

मी हरवला असे लिहायला सांगितले. चहा आला.

दुसऱ्या भेटीच्या वेळी तिथे पुण्याचे एक पेट्रोकेमिकल अभियंता बसले होते. शेजाऱ्याने जिन्यात त्यांचा अपमान केला होता आणि प्रकरण नियाबाकडे गेलेच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. चाचांनी समजावले की शिवीगाळ लहान दरवाजातच जाते. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माझी बेअब्रू किरकोळ?" ते गेल्यावर चाचा बराच वेळ टंकलेखन यंत्रावर हात ठेवून हसत राहिले. "साहेबांना मोठा दरवाजा पायजे होता," ते म्हणाले. "लग्नाच्या हॉलला असतो तसा."

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडे होती: क्रियापदांची वही. मारणे, हाणणे, बडवणे, ठोकणे, झोडणे, धोपटणे, चोपणे, कुटणे. पुढच्या पानांवर हिंदीची, मल्याळमची, बंगालीची. मला ते विचारीत, "हाणणं आणि बडवणं यांत जास्त लागतं कशात?" मी म्हणे, बडवण्यात वेळ जास्त जातो. ते गंभीरपणे लिहून घेत. त्यांची तक्रार अशी होती की मखफरचा लेखनिक या सगळ्यांना मिळून अरबीचा एकच शब्द लिहितो, आणि मग काजीसमोर सगळ्या हिंदुस्थानने एकाच हाताने मारल्यासारखे दिसते.

आता उत्तमचे प्रकरण. इथून पुढे जे आहे त्याला मी स्वतः साक्षीदार आहे, आणि साक्षीदारापेक्षाही काही अधिक.

उत्तम परभणीकडचा. चाळिशीला आलेला, दोन मुलींचा बाप, अम्गराच्या भंगारवाड्यात गॅसने लोखंड कापायचे काम करायचा. त्या वाड्यातून आमची कंपनी जुने पाइप घेई, म्हणून मी आठवड्यातून एकदा तिथे जात असे. उत्तम मराठी बोलायला मिळावे म्हणून माझ्या गाडीपाशी येऊन उभा राही. त्याला हिंदी जेमतेम येई. अरबी मुळीच नाही.

त्या दिवशी त्याच्या बायकोचे पत्र आले होते. क्रेन चालवणारा एक उत्तर हिंदुस्थानी गडी त्याच्याआधी पोचला. लिपी एकच असल्यामुळे त्याला अक्षरे वाचता आली. अर्थ कळला नाही, आणि त्याला अर्थ नकोच होता. त्याने पिंपावर उभे राहून सगळ्यांसमोर ते पत्र मोठ्याने, हेल काढून वाचले. धाकटीला ताप होता, आणि बाईने लिहिले होते की ती झोपेत तुम्हाला हाका मारते. लोक हसत होते ते उच्चारांना. उत्तमने हातभर लांबीचा पाइप उचलला आणि त्याच्या खांद्यावर एकदाच हाणला. गडी पिंपावरून भंगारात पडला आणि त्याचे डोके फुटले. तो शुद्धीवर होता, टाके पडले, हॉस्पिटलमध्ये ठेवला. उत्तम पळाला नाही. मी पोचलो तेव्हा तो पत्राचे दोन तुकडे जुळवत जमिनीवर बसला होता.

मी त्याच्याबरोबर मखफरला गेलो. तिथे तपास अधिकारी होता, आणि त्याच्या शेजारी एक हैदराबादी दुभाषा. उर्दूतून अरबीत सांगायला. उत्तमचे बोलणे त्या दुभाष्याला कळेना. तो माझ्याकडे वळून अतिशय अदबीने म्हणाला, "साहब, आप इनकी बात हिंदी में बता दें तो मेहरबानी होगी." मला संकोच वाटला नाही. उलट बरे वाटले. मी हिंदीच्या परीक्षा दिलेल्या आहेत, प्रशस्तिपत्रे मिळवलेली आहेत, आणि मंडळाच्या कार्यक्रमांत परप्रांतीय पाहुण्यांची ओळख नेहमी मीच करून देत असे.

अधिकाऱ्याने विचारले, पाइप उचललास तेव्हा मनात काय होते?

उत्तम म्हणाला, "काय न्हाई, सायब. मार द्यायचा व्हता त्याला."

आणि मी, शुद्ध उच्चारात, सावकाश, दुभाष्याला सांगितले, "कुछ नहीं. इसे उसको मार देना था."

दुभाष्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले. त्याने विचारलेही, "यही कहा?" मी म्हणालो, "शब्दशः." त्याने अरबीत सांगितले. अधिकाऱ्याची लेखणी थांबली, मग पुन्हा चालू लागली.

दोन दिवसांनी कळले की फाइल नियाबाकडे गेली आहे. खुनाचा प्रयत्न. वाडामालकाच्या कुवेती वकिलाने जबानीची प्रत पाठवली, आणि ती इंग्रजीत करून घ्यायला मी ती चाचांकडे नेली.

चाचांनी अरबीचा चष्मा लावला. एक ओळ दोनदा वाचली. "ह्याने कत्ल कुठून आणला?" ते म्हणाले.

मी म्हणालो, "दुभाष्याने घोळ घातला असणार."

"उत्तम काय बोलला? त्याच्या तोंडचं सांगा."

मी सांगितले. मार द्यायचा व्हता.

"बरोबर. मार देणं. चार तडाखे, घरी जा." त्यांनी वही न उघडता सांगितले. "आणि हिंदीत कोणी केलं?"

"मी."

"काय म्हणालात?"

मी ते वाक्य उच्चारायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर माझ्याच कानांनी ते ऐकले. आपल्या मराठीत मार देतात आणि माणूस संध्याकाळी जेवायला असतो. हिंदीत मार देतात आणि माणूस उरत नाही. शब्द तेच, क्रम तोच. मी एकही अक्षर बदलले नव्हते.

चाचा उठले आणि त्यांनी ताकाचा पेला माझ्यासमोर ठेवला.

स्मरणिकेत लिहिले आहे की मग मी तडक नियाबाकडे गेलो. मी तडक गेलो नाही. मी सहा दिवस गेलो नाही. चाचांनी सांगितले होते की उपाय एकच आहे: ज्याने वाक्य बदलले त्याने अभियोक्त्यासमोर जाऊन सांगायचे की ते बदलले. मी त्यांना म्हणालो, हैदराबादी दुभाष्याने चुकीचे ऐकले असे लिहू. ते म्हणाले, "तुमी दिलंत तेच त्याने पुढे नेलं. त्याची रोटी त्या खुर्चीवर हाय." मी म्हणालो, माझ्या कंपनीला कळले तर? मी म्हणालो, हे कुणाला पटेल तरी का? मी बरेच काही म्हणालो. ते प्रत्येक वाक्य संपेपर्यंत ऐकत, आणि पंख्याखाली कागद फडफडत राहत. त्यांनी मला भ्याड म्हटले नाही. रोज दुपारी कचेरीत त्यांचा फोन येई, आणि ते एवढेच विचारीत, "साहेब, उत्तमच्या घरी पत्र लिहायचं हाय. काय लिहू?" मी म्हणे, उद्या सांगतो. ते म्हणत, "बरं. उद्या."

सातव्या दिवशी वकिलाने उत्तमला भेटायची परवानगी मिळवली. दोघे गेलो. जाळीपलीकडे उत्तम दाढी वाढलेला, खाली मान घालून उभा. मी काही बोलण्याआधीच त्याने हात जोडले.

"सायब, तुमी व्हते म्हणून बरं झालं," तो म्हणाला. "माझं म्हणणं पोचलं तरी. न्हाई तर इथं माझं कोण ऐकतंय."

मी चाचांकडे पाहिले. चाचा दुसरीकडे, भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे पाहत होते, आणि त्यांनी चुकीचा चष्मा लावला होता.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "उद्याची वेळ घ्या."

नियाबाचा अभियोक्ता तिशीतला होता, नीटनेटका, कमी बोलणारा. चाचांचा शिक्का न्यायखात्यात नोंदलेला असल्यामुळे त्यांना भाषांतर करायची परवानगी मिळाली. हैदराबादी दुभाष्यालाही बोलावले होते. तो दारापाशी उभा होता आणि त्याचा चेहरा उतरलेला होता. चाचांनी आधी दोन भाषांतली दोन वाक्ये कागदावर एकाखाली एक लिहिली, आणि प्रत्येकापुढे अरबी अर्थ. अभियोक्त्याने कागद जवळ ओढला. त्याने विचारले, पहिले वाक्य या माणसाच्या गावी कुठल्या प्रसंगी म्हणतात? चाचांनी मला विचारले. मी सांगितले, मास्तर मुलाला मार देतात, बाप मुलाला मार देतो. अभियोक्ता किंचित हसला. आपल्याही वडिलांनी दिलेला आहे, असे काहीसे तो म्हणाल्याचे चाचांनी मला सांगितले. मग तो गंभीर झाला आणि त्याने विचारले, चूक कुणाची?

खोलीत पाचच माणसे होती. मी उभा राहिलो. मला त्या खोलीत उभे राहायचे कारण नव्हते, पण बसून ते वाक्य माझ्या तोंडून निघाले नसते. मी मराठीत म्हणालो, "चूक माझी आहे. फक्त माझी. या दुभाष्याचा काहीही दोष नाही."

चाचा अरबीत बोलले. लेखनिकाने लिहिले. दारापाशी उभ्या असलेल्या दुभाष्याने मान वर केली, चाचांकडे चकित होऊन पाहिले, आणि पुन्हा खाली घातली. त्याचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही.

हॉस्पिटलमधल्या क्रेनवाल्याचीही जबानी घेतली गेली. तो म्हणाला, एकदाच मारले, दुसऱ्यांदा हात उचलला नाही, आणि पत्र वाचायला नको होते. फाइल नियाबातून तहकीककडे परत आली. लहान दरवाजात क्रेनवाल्याने माफी लिहून दिली. कुणाच्याही ओळखीपाळखीने, कुठल्याही बड्या घरच्या चिठ्ठीने हे झाले नाही. मंडळाचे माजी चिटणीस वीस वर्षे तसे सांगत आले आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो. उत्तम सुटला, आणि महिन्याभराने मायदेशी गेला. विमानतळावर जाण्याआधी तो चाचांच्या दुकानात आला होता. चाचांनी त्याला चहा दिला, आणि त्याच्या बायकोला लिहिलेले पत्र टपालात न टाकता त्याच्याच खिशात ठेवले.

मला वाटत होते प्रकरण संपले. मंडळात बातमी गेली ती अशी गेली की मी नियाबासमोर उभा राहिलो आणि माणूस सुटला. लोकांनी माझे अभिनंदन केले. मी सुरुवातीला दोन-तीनदा खुलासा करायचा प्रयत्न केला. मग लोक ऐकत नाहीत हे कारण मला पुरेसे वाटू लागले. दुभाष्याबद्दल जे बोलले गेले तेही मी तेव्हा खोडले नाही. आज खोडतो. त्या गृहस्थाने माझे वाक्य जसेच्या तसे पोचवले, आणि "यही कहा?" हा त्या दिवसातला सर्वांत शहाणा प्रश्न विचारला. मी त्याला उत्तर दिले ते अहंकाराने.

दोन हजार सालानंतर चाचांनी दुकान बंद केले. आवरायला मी गेलो होतो. कागदांच्या गठ्ठ्यांत त्या दिवशीच्या नियाबातल्या नोंदीची प्रत निघाली. तोपर्यंत मी अरबी वाचायला शिकलो होतो. का शिकलो, ते सांगायची गरज नसावी. मी तिथेच बाकड्यावर बसून वाचू लागलो, आणि माझ्या वाक्यापाशी थांबलो. तिथे लिहिले होते: चूक आमची आहे. दुभाष्याचा दोष नाही. 'फक्त' हा शब्द तर नव्हताच.

ज्या माणसाने आयुष्यभर एका शब्दाला धक्का लावू दिला नाही, ज्याने लोकांचे अश्रूसुद्धा विशेषण म्हणून गाळले, त्याने भर नियाबात, स्वतःच्या शिक्क्याखाली, एकवचनाचे अनेकवचन केले होते. लबाडी उघडी पडती तर शिक्का गेला असता. आणि त्यांचा त्या चुकीशी काडीचाही संबंध नव्हता.

मी कागद त्यांच्यासमोर धरला. "हे काय आहे?"

त्यांनी अरबीचा चष्मा शोधला, लावला, वाचले. मग माझ्याकडे पाहिले.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "तुमच्यात मोठी माणसं स्वतःला आमी म्हणतात ना. आमच्या हातून चूक झाली. आमी येऊ. आमी बघू. तुमी मोठे साहेब. मी तसंच केलं."

"चाचा, मी 'आमी' म्हणालो नव्हतो."

ते यंत्राला आवरण घालत होते. दोऱ्या बांधायला त्यांची बोटे आताशा वेळ घेत. मी पुढे होऊन एक गाठ धरली.

"मी 'माझी' म्हणालो होतो," मी पुन्हा सांगितले. "आयुष्यात त्या एका वेळी."

"ऐकलं मी, साहेब," चाचा म्हणाले. "म्हणून तर एकट्याचं सांगवेना."